मनगटावरचा गंडा

पहाटे पाचला उठून मैदानाला फेऱ्या मारणे ज्यांना जमत नाही, त्यांनी निराश न होता मैदानाबाहेर दुकान मांडावे. भांडवल फारसे लागत नाही: मनगटावर बांधायची सिलिकॉनची एक पट्टी, तिच्यावर होलोग्रामची चकचकीत टिकली आणि ‘शरीराची नैसर्गिक ऊर्जा’ हे शब्द पुरेत. आजीने बांधलेला काळा दोरा ही अंधश्रद्धा असते. तोच सुमारे ३० डॉलरला मिळू लागला की त्याला क्रीडातंत्रज्ञान म्हणतात. २००७ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘पॉवर बॅलन्स’ या अशा पट्ट्या विकणाऱ्या कंपनीने हे सिद्ध करून दाखवले आहे.

प्रात्यक्षिक मात्र नीट घोटून घ्यावे. गिऱ्हाइकाला एका पायावर उभे करून हात आडवे पसरायला लावावे आणि एका हातावर खाली, पण किंचित बाहेरच्या बाजूला दाब द्यावा, म्हणजे तो डगमगेल. मग पट्टी चढवून पुन्हा तितकाच दाब द्यावा, फक्त या वेळी तो अंगाच्या दिशेने असावा. एव्हाना गिऱ्हाईकही सावध झालेले असल्याने ते खांबासारखे उभे राहते. (प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग पुतण्यावर केला. पट्टीऐवजी केसांना लावायचा रबर वापरूनही गुण तंतोतंत आला आणि पुतण्याने लगेच भाव विचारला.) खरी पट्टी कोणती आणि खोटी कोणती हे दाब देणारा आणि गिऱ्हाईक या दोघांपासूनही लपवून चाचणी घ्या, असा हट्ट धरणाऱ्या चिकित्सकाला चहा पाजून वाटेला लावावे.

पुढे शकील ओनीलसारखा सात फुटी बास्केटबॉलपटू जाहिरातीला गाठावा. पट्टी येण्याआधीच त्याने चार वेळा एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले होते, हा हिशेब कोणी मांडत बसत नाही.

सरकारी ससेमिऱ्याला भिऊ नये. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगापुढे कंपनीच्या तिथल्या शाखेला आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नसल्याची जाहीर कबुली द्यावी लागली आणि पैसे परत करण्याची तयारीही दाखवावी लागली. तरी पुढच्याच वर्षी अमेरिकेत सॅक्रामेंटोच्या बास्केटबॉल स्टेडियमला कंपनीचे नाव लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला हे खरे, पण तोवर मनगटे बांधून झाली होती. २०१२ साली स्टेडियमवरची पाटी बदलली आणि तिथे एका गादीवाल्याचे नाव आले. त्याच्या मालाने गिऱ्हाइकाला निदान झोप तरी लागत असावी.