फातोर्ड्याचे दिवे आणि दादाची आकाशी जर्सी

परवा आमच्या घरच्या एका लग्नात जेवणे उरकल्यावर मांडवात गप्पा चालल्या होत्या, तेव्हा एका चुलतभावाने माझ्या दादाला सगळ्यांसमोर 'गद्दार' म्हटले. कारण एवढेच, की मडगावात जन्मलेला आणि वाढलेला हा माणूस गेली काही वर्षे फुटबॉलमध्ये एफसी गोवाऐवजी मुंबई सिटीच्या बाजूने असतो. दादा काही न बोलता उठून बाहेर गेला. मला मात्र तो शब्द लागला, कारण २०२० च्या हिवाळ्यात मीही त्याला तोच शब्द वापरला होता आणि आज तो मला अन्यायाचा वाटतो. का वाटतो, ते थोडे सविस्तर लिहितो.

आमचे घर फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमपासून फार लांब नाही. सामन्याच्या दिवशी गच्चीवरून मैदानाचे दिवे दिसतात. टीव्हीवरचे चित्र काही सेकंद उशिरा येते, त्यामुळे गुडघे दुखतात म्हणून घरी थांबलेली आमची आजी टीव्हीसमोर बसून आधी खिडकीतून येणारा गजर ऐकायची आणि पडद्यावर चेंडू अजून मधल्या रेषेवर असतानाच 'झाला गोल' म्हणून सांगायची. बाबा, दादा आणि मी मात्र मैदानावर. दादा नोकरीसाठी अंधेरीला राहायला गेला, तरी मोठ्या सामन्याला रात्रीच्या बसने यायचाच. बाहेरच्या चणेकाराकडून पुडी घ्यायची, ठरलेल्या फाटकातून आत जायचे आणि ठरलेल्या ओळखीच्या माणसांच्या मागे बसायचे, असा आमचा रिवाज होता.

७ मार्च २०२० रोजी आम्ही तिघे असेच शेवटचे एकत्र बसलो. इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीत पहिले येऊन गोव्याने शिल्ड जिंकली होती आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला होता. मात्र उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत चेन्नईयिनकडून ४-१ असा मार बसला होता. त्या रात्री फातोर्ड्यावर गोव्याने ४-२ असा विजय मिळवला, तरी एकूण हिशेबात ६-५ ने घात झाला. बरोबर एका आठवड्याने, १४ मार्चला, त्याच मैदानावर एटीके आणि चेन्नईयिन यांचा अंतिम सामना प्रेक्षकांविना झाला. महामारी म्हणजे काय, हे आमच्या गल्लीला त्या संध्याकाळी प्रथम कळले, कारण दिवे लागले होते आणि आवाज नव्हता.

पुढचा सगळा हंगाम तसाच गेला. नोव्हेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत अकरा संघ गोव्यातल्या हॉटेलांत जैवसुरक्षित कवचात राहिले आणि फातोर्डा, बांबोळी व वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी मिळून ११५ सामने झाले. देशातले मोठे फुटबॉल आमच्या दारात आले होते आणि आम्हाला दाराबाहेर उभे केले होते. रोगाचे भय खरे होते, म्हणून निर्णयाला मी दोष देत नाही. मैदानाच्या कडेला मोठे पडदे लावून घरी बसलेल्या चाहत्यांचे चेहरे दाखवले जायचे, पण त्या चेहऱ्यांना शेजारी नव्हता. मध्यंतर झाले की बाबा काही न बोलता गच्चीवर जायचे, दहा मिनिटे दिव्यांकडे पाहायचे आणि खाली यायचे.

त्यात संघच बदलला होता. जानेवारी २०२० मध्ये क्लबने प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांना दूर केले होते. ऑक्टोबरमध्ये ते मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्यासोबत ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि आमचा मंदार राव देसाई एकाच मोसमात मुंबईकडे दिसू लागले. मंदार पहिल्या हंगामापासून गोव्याकडून खेळलेला, डाव्या बाजूने धावणारा गोव्याचाच मुलगा. ज्या खेळावर आम्ही तीन वर्षे जीव टाकला, तो लहान लहान पासांचा, धीराने मांडलेला खेळ आता आकाशी रंगाच्या जर्सीत दिसत होता आणि नारिंगी जर्सीत बरीच नवी नावे आली होती.

दादा टाळेबंदीनंतर घरी आला होता आणि आतल्या खोलीतून ऑफिसचे काम करत होता. २५ नोव्हेंबरला गोवा आणि मुंबई समोरासमोर आले, आणि भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर मुंबईने १-० ने सामना घेतला. मी टीव्ही बंद केला. दादा हळूच म्हणाला, "मुंबईने आज काय सुंदर खेळ केला." तेव्हा मी तो शब्द वापरला. मार्चमध्ये हेच दोन संघ उपांत्य फेरीत भेटले, दोन्ही लढती बरोबरीत सुटल्या आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबई ६-५ ने पुढे गेली. त्या रात्री आम्ही दोघे एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसलो होतो आणि जेवताना एकमेकांशी बोललो नाही. पाच दिवसांनी शेवटच्या क्षणी बिपिन सिंगच्या गोलने मुंबईने करंडकही जिंकला, तोही फातोर्ड्यावरच, आणि दादाने टाळीसुद्धा वाजवली नाही.

मला आज जे म्हणायचे आहे ते असे. चाहत्याचा जीव क्लबच्या नावाशी बांधलेला असतो, असे आपण धरून चालतो, पण खरे पाहता तो मैदानाच्या पायऱ्यांशी, शेजारी बसणाऱ्या माणसांशी आणि डोळ्यांना सवय झालेल्या खेळाशी बांधलेला असतो. महामारीने पायऱ्या आणि शेजार हिरावून घेतला. उरला तो पडद्यावरचा खेळ, आणि तो खेळ दादाला मुंबईच्या बाजूला दिसला. जे उरले होते त्याच्यामागे तो गेला. माझ्याकडे निदान गच्चीवरून दिसणारे दिवे होते आणि हा हंगाम संपल्यावरही राहायला मडगावच होते. त्याला काही महिन्यांनी अंधेरीला परत जायचे होते, जिथे मुंबई सिटीचे मैदान त्याच्या खोलीपासून पायी जाण्याइतके जवळ आहे.

आणि रंग बदलण्याचे हे काही आमच्या घरातले पहिले उदाहरण नव्हे. बाबा धेंपोचे. पाच वेळा देशाचे विजेतेपद घेतलेल्या त्या संघाचे किस्से ऐकतच आम्ही मोठे झालो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली आणि बाबा एफसी गोवाचे झाले. तेव्हा त्यांना कुणी गद्दार म्हटले नाही, कारण सगळा गावच त्यांच्यासोबत वळला होता. दादा एकटा वळला, एवढाच काय तो फरक.

एप्रिल २०२१ मधली गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामनेही फातोर्ड्यावरच झाले, आणि गोव्यात दुसरी लाट चढत होती. १४ एप्रिलला लॉरां ब्लां प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल रय्यानविरुद्ध गोव्याने ०-० अशी बरोबरी साधली. गोलरक्षक धीरज सिंग एकामागून एक फटके अडवत होता आणि दादा उभा राहून, मुठी आवळून, त्याचे नाव घेत होता. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने या स्पर्धेच्या गटफेरीतला भारतीय क्लबचा पहिला गोल केला, तेव्हा दादा धावत गच्चीवर गेला आणि दिव्यांच्या दिशेने ओरडला. आमच्या मैदानावर झालेला सर्वांत मोठा फुटबॉल आम्ही असा पाहिला. २९ एप्रिलला शेवटचा सामना झाला आणि त्याच संध्याकाळपासून गोव्यात टाळेबंदी लागू झाली. मार्चमध्ये जिथे मुंबईने आम्हाला हरवले, त्या बांबोळीच्या मैदानाशेजारी गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहे. मे महिन्यात तिथे प्राणवायूसाठी जी धावपळ झाली, तिच्यात आमच्या ओळखीची माणसे गेली. कुणाच्या अंगावर कोणत्या रंगाची जर्सी, हा प्रश्नच तेव्हा घरात उरला नव्हता.

पुढच्या हंगामात आमचे प्रशिक्षक हुआन फेरांदो हंगाम अर्ध्यावर सोडून एटीके मोहन बागानकडे गेले. त्याआधी, २०२०-२१ मध्ये सर्वाधिक गोल करणारा आमचा इगोर आंगुलो मुंबईकडे गेला होता. २०२४ मध्ये ब्रँडन फर्नांडिसही मुंबईकर झाला. तो त्यांचा व्यवसाय आहे आणि त्यात गैर काही नाही, हे सगळेच समजून घेतात. मग ज्याला या खेळातून एक पैसाही मिळत नाही, उलट जो पगारातून तिकीट आणि बसभाडे काढतो, त्यालाच आयुष्यभर एका रंगात राहण्याची सक्ती का असावी?

२० मार्च २०२२ रोजी फाटके उघडली, ती हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांच्या अंतिम सामन्यासाठी. मी गेलो होतो. सगळे मैदान केरळहून आलेल्या पोरांनी पिवळे करून टाकले होते आणि मी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसलो होतो. तरी पहिला गजर उठला तेव्हा डोळे भरून आले, कारण तो गजर आमच्या गच्चीपर्यंत पोहोचला असणार, हे मला ठाऊक होते. आजी मात्र तो ऐकायला राहिली नव्हती. बाबा त्यानंतर मैदानावर गेलेच नाहीत. दोन वर्षांत सवय मोडली, गर्दीची धास्ती बसली, आणि त्यांच्या ओळीतले दोघे जण या जगात नाहीत. माझ्या लेखी क्लबचे मोठे नुकसान हेच आहे. दादासारखे जे दुसऱ्या रंगात गेले ते अजून सामने पाहतात, भांडतात, फोन करतात. जे घरी बसले ते परत आले नाहीत, आणि त्यांना हाक मारायला आपल्यापैकी कुणी गेले नाही. मीही गेलो नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी दादाची माफी मागितली, चार-पाच वर्षे उशिरा. मुंबई सिटी पुढच्या वेळी फातोर्ड्याला येईल तेव्हा मी चार तिकिटे काढणार आहे. एक बाबांचे, एक माझे आणि एक त्या चुलतभावाचे. चौथे दादाचे, त्याने आकाशी जर्सी घालून आमच्याच ओळीत बसावे म्हणून. बाबा अजून हो म्हणालेले नाहीत, पण पूर्वीचे ते फाटक आता उघडे असते का, एवढे त्यांनी काल विचारले.