परिसराचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यांस

पुण्याच्या शिवाजीनगरात आपण सदनिका घेतली असेल आणि सोसायटीच्या स्मरणिकेतील ‘आपला परिसर’ हा लेख आपल्या गळ्यात पडला असेल, तर येथे भांबुर्डा नावाचे गाव होते ही गोष्ट विसरण्याचा सराव सर्वप्रथम करावा. इतिहासाचा आरंभ इमारतीच्या भूमिपूजनापासून करणे सोयीचे असते. त्यापूर्वी ‘येथे काहीच नव्हते’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घालावे, म्हणजे पुढे कोणी शंका काढत नाही.

पाताळेश्वर मात्र थोडी अडचण करील. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळी, खडकात कोरलेले हे शिवालय भांबुर्ड्याच्या हद्दीतले, आणि तेथे वाहनतळ करण्याचे अद्याप कोणाला सुचलेले नाही. अशा वेळी ते ‘पुण्याचे वैभव’ म्हणून मोकळे व्हावे. गाव पदरात घेतले की त्याचे देव आपोआप आपल्या नावावर चढतात. रोकडोबाचे देऊळ गावठाणातल्या अरुंद वाटांत आहे, तेथवर आपली गाडी जात नाही, तेव्हा ते गाळले तरी चालेल.

लेख पूर्ण होईपर्यंत घराचे खरेदीखत मात्र कपाटातून काढू नये. रेल्वे स्थानकाच्या पाटीवरचे भांबुर्डा जाऊन शिवाजीनगर आले, लोकांच्या तोंडूनही ते नाव गेले. पण नगर भूमापनाच्या दप्तरात भांबुर्डा अजून ठाण मांडून बसला आहे, आणि ज्या गावात ‘काहीच नव्हते’ त्याचे नाव घातल्याखेरीज आपल्या मिळकतीचे वर्णन पुरे होत नाही. वेताळ टेकडीवरील वनालाही वनखाते भांबुर्ड्याच्याच नावाने ओळखते. सरकारी दप्तराला नवे काही लवकर कळत नाही, एवढेच म्हणून पुढे जावे.

२०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या ११ गावांत किंवा २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांत ज्यांचे घर आहे, त्यांचे काम अधिक सोपे आहे. ‘समाविष्ट गाव’ हा शब्द त्यांना आयता मिळाला आहे. करपट्टीपुरते शहर आणि पाण्यापुरते गाव, असे दोन्ही अर्थ त्यात बसतात. नळ कोरडा असला तरी ‘विकासाच्या उंबरठ्यावर’ असे लिहावे, कारण उंबरठ्यावर किती वर्षे थांबायचे याचे बंधन मराठी भाषेत नाही.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील लेखकांना मात्र कालक्रम जपावा लागेल. तेथे आधी शहराचा कचरा आला, पुष्कळ वर्षांनी २०१७ मध्ये शहर आले, आणि नंतर ही गावे महापालिकेतून पुन्हा वगळण्यात आली. शहराशी त्यांचे नाते नेमके कोणत्या सालापासून धरावे, हे डेपोतल्या ढिगाचा सर्वांत खालचा थर उकरून ठरवावे.