सिमलिंक बनत नसेल तर तोंडावर सांगा, गुपचूप भलतंच काय हातात देता?

सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे किंवा फोल्डरकडे नुसतं बोट दाखवणारी लिंक, ही काही काल आलेली गोष्ट नाहीये. युनिक्समधे ४.२ बीएसडीपासून आहे, म्हणजे १९८३. विंडोजमधेसुद्धा व्हिस्टापासून आहे, त्यालाही आता किती वर्षं झाली. तरी आजही एकच रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे बिल्ड करायचा, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवायचा म्हटला की पहिली माती इथेच खाल्ली जाते. आणि माझा राग सिमलिंक चालत नाही म्हणून नाहीये, नसेल चालत तर नसेल, काढू काहीतरी मार्ग. राग याचा आहे की चालत नाही हे कुणी सांगतच नाही!! प्रत्येक टूल गप्प बसून तिसरंच काहीतरी करून ठेवतं आणि बिल्ड भलत्याच ठिकाणी फुटतो, मग बसा शोधत.

गिटच घ्या, कोडमधले बदल जपून ठेवणारं टूल. गिट सिमलिंक ठेवतं एका छोट्याशा ब्लॉबमधे (साठवलेल्या मजकुराच्या तुकड्यात), मोड १२००००, म्हणजे ही लिंक आहे अशी खूण, आणि आत फक्त टार्गेटचा पाथ. लिनक्सवर क्लोन केलं, म्हणजे रेपो आपल्या मशीनवर उतरवला, की खरी लिंक बनते. विंडोजवर इन्स्टॉलरमधला सिमलिंकचा चेकबॉक्स मुळात टिक केलेलाच नसतो, नेक्स्ट नेक्स्ट करत गेलात तर गिटचं कोअर डॉट सिमलिंक्स हे सेटिंग फॉल्स, आणि लिंकच्या जागी येते एक साधी टेक्स्ट फाइल ज्यात एकच ओळ, कुठल्यातरी कॉमन फोल्डरमधल्या हेडरचा (सी कोडच्या सामायिक फाइलीचा) पाथ. एरर नाही, वॉर्निंग नाही, क्लोन मस्त पूर्ण. मग कंपायलर ती पाथची ओळ सी कोड समजून वाचतो आणि सिंटॅक्स एरर देतो, पाथच्या सुरुवातीच्या टिंबापाशी. आता टीममधे नवीन आलेल्या पोराला यावरून काय कळणार? तो बिचारा कंपायलरचं व्हर्जन बदलून बघतो, हेडर उघडून बघतो, सगळं परत क्लोन करतो, आणि परत तेच, कारण सेटिंग तेच आहे.

बरं कुणीतरी सांगतं की अरे ग्लोबल कॉन्फिगमधे, म्हणजे सगळ्या रेपोंना लागणाऱ्या सेटिंगमधे, ट्रू कर. करतो. तरी चालत नाही. का, तर क्लोन करताना गिटने स्वतःच तपासून त्या रेपोच्या लोकल कॉन्फिगमधे फॉल्स लिहून ठेवलेलं असतं आणि लोकल ग्लोबलला खाऊन टाकतं. म्हणजे लोकलमधे बदला, त्या फाइली उडवा, परत चेकआउट करा, म्हणजे गिटकडून नव्याने काढून घ्या. हे कुठल्या रीडमीत लिहिलेलं असतं सांगा मला.

आणि याहून वाईट प्रकार पुढे आहे. विंडोजवाल्याला वाटतं ही फाइल करप्ट आहे, तो आत खऱ्या हेडरचा सगळा मजकूर पेस्ट करतो, त्याचा बिल्ड चालतो, खूश होऊन कमिट करतो, म्हणजे गिटमधे नोंदवतो. पण सिमलिंक्स फॉल्स असताना गिट मोड इंडेक्समधूनच (स्वतःच्या आधीच्या नोंदीतूनच) घेतं, म्हणजे मोड राहतो १२०००० आणि टार्गेट म्हणून जातो अख्खा हेडर! लिनक्सवाले पुल करतात, म्हणजे तो बदल ओढून घेतात, आणि त्यांच्याकडे चेकआउटच फुटतं, फाइल नेम टू लाँग, कारण पाथची मर्यादा ४०९६ बाइट आणि तुम्ही त्यात अख्खी फाइल कोंबलीये. मग दोन्हीकडचे एकमेकांवर ओरडतात. चूक कुणाचीच नाही, त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं की ती फाइल नसून लिंक आहे.

परवानगीचा तमाशा वेगळाच. विंडोजवर सिमलिंक बनवायला डिफॉल्टने अ‍ॅडमिन लागतो. २०१७ मधे विंडोज १० च्या १७०३ अपडेटपासून डेव्हलपर मोड चालू केला की अ‍ॅडमिन लागत नाही, पण त्यातही मेख अशी की प्रोग्रॅमने स्वतः एक वेगळा फ्लॅग पाठवायला हवा, म्हणजे जुनं टूल असेल तर मोड चालू असूनही नाहीच बनत. पायथनने तो फ्लॅग घेतला ३.८ मधे. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर डेव्हलपर मोड पॉलिसीनेच बंद, तिकीट टाका, मॅनेजरचं अप्रूव्हल आणा, उत्तर येणार सिक्युरिटी. आयटीवाले अगदीच चूक आहेत असंही मी म्हणणार नाही, २०२४ च्या मे महिन्यात गिटमधे सबमोड्यूल (रेपोच्या आतला रेपो) आणि सिमलिंक वापरून, सबमोड्यूलसकट केलेल्या नुसत्या क्लोनने कोड चालवता येईल असं भोक सापडलंच होतं, विंडोज आणि मॅकवर, जिथे फाइलच्या नावात कॅपिटल स्मॉल एकच धरतात. पण मग नाही म्हणा आणि कारण द्या ना. तिकीट लटकवून काय ठेवता.

आता एमसिस, विंडोजवर युनिक्ससारखं शेल देणारं टूल. शेल स्क्रिप्टमधे एलएन डॅश एस, म्हणजे सिमलिंक बनवायची कमांड लिहिलीये, विंडोजवर एमसिसच्या शेलमधे चालवलं, शून्य एक्झिट कोड, म्हणजे काम झालं, सगळं हिरवं. प्रत्यक्षात त्याने डिफॉल्टने कॉपी करून ठेवलीये! अख्ख्या फोल्डरची कॉपी! याने तर डोकं भंजाळतं, कारण पहिल्या दिवशी सगळं चालतं. नंतर कुणीतरी मूळ हेडरमधल्या स्ट्रक्टमधे एक फील्ड वाढवतो, कॉपी तशीच जुनी राहते, अर्धे मोड्यूल नव्या हेडरवर कंपाइल, अर्धे जुन्यावर, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं टूल) काही बोलत नाही, आणि प्रोग्रॅम रनटाइमला कचरा वाचतो. टिंबापाशी फुटलेला बिल्ड परवडला, हे नाही परवडत. विनसिमलिंक्स नेटिव्हस्ट्रिक्ट असं सेटिंग आहे ज्याने लिंक नाही बनली तर सरळ फेल होतं. मग ते डिफॉल्ट का नाही? का माणसाने आधी मार खायचा आणि मग शोधायचं?

सीमेक या बिल्ड टूलमधे पण ३.१४ पासून लिंक करायची कमांड आहे आणि तिला कॉपी ऑन एरर, म्हणजे लिंक नाही बनली तर कॉपी, असा पर्याय आहे. निदान तिथे आपण स्वतः लिहितो म्हणून माहीत तरी असतं. पण लोक तो कुठूनतरी उचलून चिकटवतात आणि पुढच्याला तोच जुन्या कॉपीचा घोळ.

मॅकवाल्यांनी हसू नये. फ्रेमवर्कच्या (मॅकवरच्या लायब्ररीच्या फोल्डरच्या) आत व्हर्जन्स फोल्डरमधे करंट नावाची लिंक असते, बाहेरच्या लिंका तिच्यावर. एका व्हेंडरने एसडीके (त्यांच्या लायब्ररींचं पॅकेज) झिप करून पाठवलं, लिंका न जपता, सगळ्या जागी खऱ्या फाइली, साइज फुगलेली, आणि अॅपवर डिजिटल सही करणारं कोडसाइन म्हणतं बंडल फॉरमॅट अ‍ॅम्बिग्युअस. लिंका लिंकाच राहाव्यात म्हणून झिपला डॅश वाय द्यायचा होता, एक अक्षर! सपोर्टला मेल केली तर उत्तर आलं आमच्याकडे चालतंय. तुमच्याकडे चालणारच हो, तुमच्याकडे लिंका आहेत!

लिनक्सच्या डॉट एसओ, म्हणजे लायब्ररीच्या, फाइलींचं पण तेच, एका लायब्ररीची तीन नावं, दोन लिंका आणि एक खरी फाइल, पायथनच्या व्हील नावाच्या पॅकेजमधे गेली की व्हीलला सिमलिंक माहीतच नाही, तीच लायब्ररी तीनदा आत.

आणि कृपा करून कुणी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतलं लिनक्स) वापर म्हणू नका. तिथून सी ड्राइव्हवर बनवलेली लिंक बऱ्याचदा विंडोजच्या प्रोग्रॅमना उघडतही नाही.

मला विचाराल तर शेअर्ड रेपोत सिमलिंक कमिट करणंच बंद करा. बहुतेक ठिकाणी एक इन्क्लूड पाथ (हेडर कुठे शोधायचे ती जागा) वाढवला की काम होतं, कुणीतरी आळस केला म्हणून लिंक टाकलेली असते. आणि खरंच लागतच असेल तर बिल्डच्या पहिल्याच पायरीला एक लिंक बनवून बघा, नाही बनली तर तिथेच थांबा आणि स्पष्ट छापा की या मशीनवर सिमलिंक बनत नाही, हे सेटिंग लावा. सीआयमधे (आपोआप बिल्ड आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेत) गिट एलएस फाइल्स डॅश एस मारून १२०००० वाल्या एंट्री शोधा आणि कुणी नवीन घातली असेल तर मर्ज अडवा. पाच ओळींचं स्क्रिप्ट आहे. पाच ओळी लिहायला कुणाला वेळ नाही आणि टिंबापाशी येणारा एरर शोधायला मात्र अख्ख्या टीमला वेळ आहे.