स्वप्नं गोळ्यांमुळेच पडतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

कंपवातात (पार्किन्सन्समध्ये) दिसणाऱ्या स्वप्नविकारावर, म्हणजे झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडण्यावर, मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यातला एक मुद्दा मला मान्यच करायला हवा. ‘झोपेत लाथा मारणं ही कंपवाताची चाहूल’ हे माझं वाक्य सैल होतं, आता ते बदललं आहे. झोपेत पाय अनेक कारणांनी हलतात. दर वीस-चाळीस सेकंदांनी एका लयीत पाय झटकला जातो, तो प्रकार निराळा. घोरता घोरता श्वास अडकून माणूस धडपडतो, तो आणखी निराळा; हा तर स्वप्नविकारासारखा हुबेहूब दिसतो आणि सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासनलिका उघडी ठेवणारं) लावलं की थांबतो. स्वप्नविकार असलेल्या किती जणांना पुढे कंपवात किंवा त्याच जातीचा मेंदूचा आजार होतो, याचा मी दिलेला आकडा (वर्षाला साधारण ६ टक्के, १२ वर्षांत ७३ टक्क्यांच्या आसपास) २०१९च्या अभ्यासातला आहे. त्यातल्या १२८० जणांचं निदान रात्रभराच्या स्लीप स्टडीने (झोपेत मेंदू, स्नायू आणि श्वास यांची नोंद घेणारी तपासणी) पक्कं झालेलं होतं. एखाद्या रात्री लाथ बसली म्हणून तो आकडा कुणाला लावता येत नाही.

आता जिथे पटत नाही ते. ‘स्वप्नं गोळ्यांचीच असतात. आम्हीच रात्रीची सिंडोपा बंद केली, बाबा शांत झोपायला लागले,’ असं तुम्ही लिहिता. सिंडोपा म्हणजे लेव्होडोपा, कंपवाताची मुख्य गोळी. लेव्होडोपाने, आणि प्रामिपेक्सोल-रोपिनिरोल या कंपवाताच्या दुसऱ्या गोळ्यांनीही, स्वप्नं ठसठशीत होतात हे खरं. पण स्वप्न पडणं वेगळं आणि ते अंथरुणात हातापायांनी करून दाखवणं वेगळं. स्वप्नाच्या झोपेत मेंदूच्या देठातून स्नायूंना ‘हलू नका’ असा निरोप जातो. १९६५ साली फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तो भाग निकामी केला, तर मांजरं झोपेतच उठून शिकार करू लागली. माणसातला हा विकार १९८६ मध्ये अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड यांनी मांडला. कंपवाताची एकही गोळी न घेतलेल्यांमध्येही तो वर्षानुवर्षं आधीपासून असू शकतो. गोळीला बोल लावायचाच, तर आधी नैराश्याच्या गोळ्या तपासा. एसिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन, मिर्टाझापिन यांनी तो सुरू होतो किंवा वाढतो, आणि कंपवातात या गोळ्या बऱ्याच जणांना चालू असतात.

‘शांत झोपले’ याबद्दल एकच विचारतो: बाबा रात्री कूस बदलतात का? रात्रीचा डोस काढला की पहाटे अंग लाकडासारखं होतं, पायाची बोटं आत वळून कळ येते, लघवीला उठवत नाही. बाहेरून ते शांतच दिसतं. लेव्होडोपा अचानक तोडल्याने क्वचित ताप आणि भयंकर ताठरपणा येऊन जिवावर बेततं, त्यामुळे हा बदल आजच न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घाला. झोपच लागत नसेल, तर कंपवाताच्या इतर गोळ्यांपैकी सेलेजिलिन सकाळीच दिलं जातं ना आणि अमँटाडिनचा शेवटचा डोस दुपारी चारच्या आत होतो ना, हे पाहा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

स्वप्नविकारावर दिली जाणारी, गुंगी आणणारी क्लोनाझेपाम ही ‘सवयीची गोळी’, म्हणून मी ती सुचवणं बेजबाबदार, असं तुमचं म्हणणं. लेखात मी ती पहिल्या क्रमांकावर ठेवली नव्हती. मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) आधी, झोपण्यापूर्वी ३ मिलिग्रॅमपासून, गरजेनुसार वाढवत. क्लोनाझेपामचा ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमचा डोस बहुतेकांना लागू पडतो, पण तिचा अंमल दुसऱ्या दिवशीही उरतो. चालताना तोल जाणारा, विसराळू झालेला किंवा घोरणारा माणूस असेल तर ती टाळलेलीच बरी. सवयीपेक्षा मला रात्री दोन वाजता बाथरूमच्या वाटेवर मोडणाऱ्या खुब्याची धास्ती जास्त वाटते.

आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर आई-बाबांचे पलंग वेगळे करायला सांगणं तुम्हाला निर्दयपणाचं वाटलं. खोली एकच राहू द्या, गाद्या दोन करा. तेही नको असेल तर मध्ये लोड ठेवा. पलंगाशेजारचं टेबल, काचेचा ग्लास, दिवा हलवा, खाली जुनी गादी अंथरा. दिवसा ज्यांना पेला धरवत नाही त्यांचा हात स्वप्नात झपकन आणि जोरात चालतो, आवाजही खणखणीत निघतो. त्यामुळे ‘त्यांच्यात आता ताकद कुठली’ या भरवशावर राहू नका. झटापट चालू असताना हात धरायचा नाही. स्वप्नातल्या चोराच्या जागी आई येते. दोन पावलं लांबून नावाने हाक मारायची.

कारणाचा अंदाज बांधायला वेळ आणि जाग या दोन गोष्टी पुरतात. प्रकार मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे जास्त, डोळे मिटलेले, हाक मारताच भानावर येऊन ‘कुत्रा मागे लागला होता’ असं सांगितलं, तर तो बहुधा स्वप्नविकार. डोळे सताड उघडे, जागेपणी खोलीत लहान मुलं किंवा कुणीतरी उभं दिसतंय, तर तो भास. भासात गोळ्या कमी करण्याचा प्रश्न खरोखर येतो, पण लेव्होडोपाचा नंबर शेवटचा. आधी ट्रायहेक्सिफेनिडिल (कंपावरची जुनी गोळी), मग अमँटाडिन वगैरे. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उसळला तर लघवी तपासा, जंतुसंसर्ग निघतो. अशा रात्री कुठल्याही दवाखान्यात नेलंत तर ‘कंपवात आहे, हॅलोपेरिडॉल देऊ नका’ हे दारातच सांगा. बिथरलेल्या रुग्णाला शांत करायला दिल्या जाणाऱ्या त्या इंजेक्शनने कंपवाताच्या माणसाचं शरीर आणखी जखडतं.

आठ-दहा रात्रींची वेळ वहीत मांडा, आणि एखादा प्रकार मोबाइलवर टिपता आला तर सोन्याहून पिवळं. मात्र हे आईंना विचारून लिहा. रात्री काय होतं ते बाबांना बहुधा आठवत नाही.