एक चॉकलेट आणि 53 हजार क्रोना

दर दोन-तीन महिन्यांनी हा संदेश कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतो. स्वीडनच्या उपपंतप्रधान मोना सालिन यांनी सरकारी क्रेडिट कार्डावर एक टॉब्लेरोन चॉकलेट घेतलं, पैसे नंतर भरलेसुद्धा, तरी कायद्याने त्यांना सोडलं नाही. राजीनामा द्यावा लागला, राजकारणातून कायमच्या संपल्या. खाली तात्पर्य : तिथली माणसंच प्रामाणिक, आपल्याकडे हे सात जन्मांत होणार नाही. आणि हात जोडलेले दोन इमोजी.

बाई खऱ्या, चॉकलेटही खरं. बाकी जवळपास प्रत्येक वाक्याला दुरुस्ती लागते.

आधी ते 'एक चॉकलेट'. ऑक्टोबर 1995 मध्ये 'एक्स्प्रेसेन' या दैनिकाने हे प्रकरण बाहेर काढलं तेव्हा सालिन साध्या मंत्री नव्हत्या. पंतप्रधान इंगवार कार्लसन पायउतार होणार होते आणि त्यांच्या जागी सालिन येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. कार्डाच्या बिलांत टॉब्लेरोन होतं, बाळाची लंगोटं होती, कपडे होते, भाड्याची गाडी होती, रोख काढलेली रक्कमही होती. खासगी खर्चाची बेरीज 53 हजार क्रोनांच्या (स्वीडनचं चलन) घरात गेली. शिवाय पार्किंगचे दंड थकलेले, तेही वसुली खात्याकडे जाईपर्यंत. प्रकरणाला नाव मात्र चॉकलेटचं पडलं आणि तेच टिकलं, कारण ते लक्षात राहतं. गंमत अशी की या नावाचा उपयोग दोन्ही बाजूंना होतो. कौतुक करणारा म्हणतो, "बघा, चॉकलेटसाठी गेली!" बचाव करणारा म्हणतो, "काय हो, चॉकलेटसाठी घालवली!" भाड्याच्या गाडीचं बिल दोघंही वाचत नाहीत.

'पैसे भरले होते, मग गुन्हा काय?' हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, कारण तो आपल्याकडेही रोज ऐकू येतो. सालिन यांचा बचाव असा होता की आपण ही रक्कम पगारावरची उचल समजत होतो. पैसे त्यांनी परत केले हे खरं. पण उचल घ्यायची तर ती कुणाकडे तरी मागावी लागते, कुणीतरी मंजूर करावी लागते. स्वतःच घ्यायची, कधी फेडायची तेही स्वतःच ठरवायचं, याला उचल म्हणत नाहीत. आपल्या लेखापरीक्षणात यासाठी नेमका शब्द आहे : तात्पुरता अपहार. ग्रामसेवकाने वसुलीची रक्कम चार आठवडे खिशात ठेवून मग बँकेत भरली, तरी लेखापरीक्षक हाच शेरा मारतो, रक्कम पैशापैशाने जुळली तरीही. भारतीय दंड संहितेच्या कलम 403 च्या पहिल्याच स्पष्टीकरणात लिहिलं होतं की अप्रामाणिकपणे केलेला अपहार थोड्या काळापुरता असला तरी तो अपहारच. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 मध्ये तेच कायम आहे. पैसे परत केल्याने शिक्षा सौम्य होऊ शकते, झालेली गोष्ट पुसली जात नाही. ग्रामसेवकाला लागू असलेला हा हिशेब मंत्र्याच्या वेळी आपल्याला अचानक कडक का वाटतो, ते ज्याने त्याने पाहावं.

आता 'कायद्याने सोडलं नाही'. कायद्याने तर सोडलंच. सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली आणि जानेवारी 1996 मध्ये ती खटला न भरता बंद केली. सालिन त्याआधीच, नोव्हेंबर 1995 मध्ये, शर्यतीतून आणि मंत्रिमंडळातून बाहेर पडल्या होत्या. म्हणजे त्यांना घालवलं ते लोकांच्या प्रश्नांनी आणि पक्षाच्या अस्वस्थतेने; कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच नाही. हा फरक बारीक नाही. आपल्याकडे 'आरोप सिद्ध होऊ द्या, मग बघू' हे वाक्य जणू घटनेत छापलेलं असल्यासारखं वापरलं जातं. तुरुंगात कोण जाईल हे कोर्ट ठरवतं. खुर्चीवर कोण बसेल यासाठी तेवढ्या पुराव्याची वाट बघायची गरज तिथे कुणाला वाटली नाही.

'कायमच्या संपल्या' हे तर सरळ चूक. 1998 मध्ये सालिन पुन्हा मंत्री झाल्या. 2007 मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि 2010 ची निवडणूक त्यांच्याच नेतृत्वाखाली लढली गेली. ती हरल्यावर 2011 मध्ये पद सोडलं. पुढे हिंसक अतिरेकीपणाविरोधातल्या राष्ट्रीय समन्वयक झाल्या आणि 2016 मध्ये तेही पद गेलं, कारण आपल्या अंगरक्षकाला त्यांनी उत्पन्नाचा चुकीचा दाखला सही करून दिला होता. न्यूझीलंडमध्येही असंच काहीसं. 2010 मध्ये मंत्र्यांच्या कार्डांची बिलं खुली झाली तेव्हा शेन जोन्स या माजी मंत्र्याने हॉटेलात पाहिलेल्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांचे पैसे सरकारी कार्डावर टाकल्याचं निघालं. पैसे भरले, पक्षाने मागच्या बाकावर बसवलं. हेच गृहस्थ 2017 मध्ये दुसऱ्या पक्षातून मंत्री झाले.

राहिलं ते तात्पर्य, 'तिथली माणसंच प्रामाणिक'. सालिन यांचा 2016 चा दाखला पाहिला की याचं उत्तर मिळतं. या संदेशाची गोडी वेगळ्याच कारणाने लागते. आपल्याला रामशास्त्र्यांची गोष्ट लहानपणापासून आवडते : एकटा निःस्पृह माणूस, बाणेदार उत्तर, पदाला लाथ. सालिन यांच्या गोष्टीत आपण तसाच कुणी शोधतो आणि तो सापडत नाही. सापडतो एक बातमीदार, ज्याला बिलं बघता आली. स्वीडनमध्ये सरकारी कागद कुणीही मागू शकतो. नाव सांगावं लागत नाही, कारणही नाही. त्या कायद्याचं मूळ 1766 चं आहे, पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते तेव्हाचं.

आपल्याकडे तो कायदा नाही असंही नाही. अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने 2002 मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, देशाचा 2005 मध्ये आला. मग 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, शिक्षेचे आदेश आणि मालमत्तेचे तपशील 'वैयक्तिक माहिती' ठरवले, म्हणजे ते द्यायला नकार देता येतो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने तर माहिती अधिकार कायद्यातलं 'वैयक्तिक माहिती'चं कलमच आणखी आवळलं. संदेश पुढे ढकलणाऱ्या किती जणांनी या बदलावर एक ओळ टाकली? माझ्या ग्रुपवर तरी कुणी नाही.

आपल्या साहेबांच्या हाती क्रेडिट कार्ड क्वचितच असतं, दाराशी गाडी मात्र असते. ती शाळेत मुलं सोडते, मंडईत जाते, लग्नाला जाते, आणि प्रत्येक सरकारी गाडीला लॉगबुक असतं : तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, कशासाठी. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एका महिन्याच्या पानांच्या प्रती मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. टॉब्लेरोन मिळणार नाही, रविवारचे किलोमीटर मिळतील.