रकाना क्रमांक दहा

२०११ चा फेब्रुवारी. धुळ्याजवळच्या आमच्या गावी ओट्यावर जनगणनेचे गुरुजी बसले होते. मायने चहा ठेवला आणि विचारलं, "कितला घर व्हयनात, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "हाई चौदावं शे, माय." नावं, वयं, सगळं बोलणं असं अहिराणीत चाललं होतं. मग दहावा रकाना आला. "मातृभाषा?" आबा म्हणाले, "मराठी." गुरुजींनी लिहिलं. घरातल्या सहाही माणसांची तीच. मी शेजारीच उभा होतो, पदवी घेतलेला. गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला आजही सलतं.

आबा खोटं बोलत नव्हते. आपण घरात बोलतो तिला भाषा म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत सांगायचे ते उलटंच. चौथीत मी "माले पानी जोयजे" म्हणालो म्हणून तास संपेपर्यंत उभा होतो. "अशुद्ध बोलू नकोस."

अशुद्ध? आम्ही धुळ्याला धुयं म्हणतो, डोळ्याला डोया, केळीला केयी. जिथे मराठीत ळ तिथे आमच्याकडे य. मला-तुला नाही, माले-तुले. माझा-तुझा नाही, मना-तुना. हा 'ना' गुजरातीच्या 'नो-नी'जवळचा. 'आहे'ला आम्ही शे म्हणतो, आणि गुजरातीतलं 'छे' ऐकलं की शेजारच्या घरातून हाक आल्यासारखं वाटतं. चूक प्रत्येकाची वेगळी असते. इथे तर निरक्षर आजीपासून चार वर्षांच्या पोरापर्यंत सगळे एकच नियम पाळतात. यालाच व्याकरण म्हणतात.

जनगणनेच्या सूचनांमध्ये मातृभाषेची व्याख्या अगदी साधी आहे: लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलायची ती. तिला लिपी असलीच पाहिजे असंही नाही. त्या व्याख्येने आमच्या घराचं उत्तर चुकलं. आणि असं घर आमचं एकट्याचं नव्हतं. २००१ ला खान्देशी गटात, ज्यात अहिराणी धरतात, सुमारे २० लाख ७५ हजार लोक नोंदले गेले होते. २०११ ला ते १८ लाख ६० हजारांवर आले. एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ४२ लाखांच्या वर होती! तिथले सगळेच अहिराणी बोलतात असं नाही, पण दहा वर्षांत बोलणारे दोन लाखांनी घटले यावर माझा विश्वास नाही. माणसं तिथेच होती. रकान्यातला शब्द बदलला.

हे फक्त खान्देशाचं दुखणं नाही. २०११ ला देशभरातल्या लोकांनी आपल्या मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली. छाननी होऊन त्यातून १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी गट करून १२१ भाषा. दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असतील तर त्या भाषेचं नाव वेगळं छापतच नाहीत. हिंदीचा आकडा ५२ कोटींच्या पुढे दिसतो, त्यात पाच कोटी भोजपुरी बोलणारे आहेत. आपल्या यवतमाळ-वाशीमच्या तांड्यांवरची लमाणीही सरकारी कागदावर हिंदीच्याच पोटात जाते.

आणि आपल्या राज्यात काय काय आहे बघा. मेळघाटात कोरकू, तिचं नातं थेट झारखंडच्या मुंडारी-संथाळीशी. गडचिरोलीत गोंडी आणि यवतमाळकडे कोलामी, दोघी तेलुगू-तमिळच्या कुळातल्या. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली, बोलणारे जेमतेम काही हजार. तिचं कूळ जगातल्या कुठल्याच भाषेशी जुळत नाही. ती गेली तर मागे तिची बहीणसुद्धा उरणार नाही. मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर हे सगळं आहे, आणि आपल्याला शाळेत त्यातलं एकही नाव शिकवलं नाही. मला याचा राग येतो.

काही मित्र म्हणतात, असं प्रत्येकाने वेगळं लिहिलं तर मराठीचा आकडा कमी होईल. मी मराठीत लिहितो, मराठीत कमावतो, २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. मराठी ८ कोटी ३० लाखांची भाषा आहे. आमचं नाव खरं लिहिल्याने ती लहान होत नाही. आणि येत असलेल्या इतर भाषांसाठी पुढचा रकाना होताच, तिथे मराठी अभिमानाने लिहावी. मराठीवर दुसरी भाषा लादली की आपल्याला जे दुखतं, ते कोरकू पोराला पहिलीत पहिल्याच दिवशी दुखतं.

आता २०२७ ची जनगणना आहे. तुमच्याकडे माणूस येईल, किंवा तुम्ही स्वतः मोबाइलवर भराल. आई घरात काय बोलायची ते आठवा आणि तेच सांगा. अहिराणी म्हणत असाल तर अहिराणी, खान्देशी म्हणत असाल तर खान्देशी. लेवा, वऱ्हाडी, मालवणी, पावरी, भिली, जे असेल ते. आणि लिहिणाऱ्याने तेच लिहिलंय ना, हे डोळ्यांनी बघा.

परवा मायला फोनवर हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपली बोलीले कागदवर नाव ऱ्हाई का रे?"

"ऱ्हाई, माय. तू सांगशी तर ऱ्हाई."