पाय चालले म्हणून डोकं गरगरायचं थांबत नाही

गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय. आमच्या मालवणातल्या दोन ग्रुपवर आला, मग कुडाळच्या भाच्याने पाठवला, "मामा वाचाच" म्हणून. सार असं की व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आत शिरल्यासारखे जे गेम खेळतात त्यात, अंगठ्याने जॉयस्टिक ढकलून चालणं म्हणजे अर्धाच खेळ, खरी मजा पायाने चालण्यात, म्हणून व्हीआर ट्रेडमिल (जागच्या जागी चालायची तबकडी) नाहीतर निदान पायाला बांधायचे सेन्सर घ्याच. चक्कर बंद होते, सगळ्या गेमला चालतं, घरबसल्या व्यायाम होतो आणि खर्च काय तो एकदाच. भाचा पैसे साठवायला लागलाय म्हणून हे लिहितोय. मी स्वतः सेकंडहँड सेन्सर घेतलेत आणि पुण्यात एका गेमिंग सेंटरमध्ये तासभर ट्रेडमिलच्या पट्ट्यात लटकलोय, तेव्हा ऐकीव सांगत नाहीये.

"चक्कर बंद होते."

सगळ्यात मोठी गल्लत इथेच आहे. जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी बघा, जो मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो त्याला पहिली बोट लागते, आणि होडीवाला लांब पाण्याकडे बघत उभा, त्याला काही नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो त्याला होडी हलतेय ते कळतं, डोळ्यासमोर मोबाइल स्थिर, दोघांचं पटत नाही आणि पोट ढवळतं. व्हीआरमध्ये नेमकं उलटं, डोळे सांगतात पळतोय आणि कान सांगतो की हा तर पडवीत उभा आहे. आता घरगुती ट्रेडमिलवर होतं काय, तर गुळगुळीत तबकडीवर खास बूट घालून तुमचे पाय मागे घसरतात आणि कंबर पट्ट्यात अडकलेली असते, म्हणजे अंग पुढे गेलंच नाही ना! निघताना आणि थांबताना कानाला जो झटका जाणवायला हवा तो मिळतच नाही. पाय हलतात म्हणून काही जणांना थोडं बरं वाटतं हे खरं, मलाही सरळ चालताना वाटलं, पण मी थांबलो आणि चित्र क्षणभर पुढेच गेलं तेव्हा थेट फोंडा घाटातली एसटी आठवली.

वळणं तेवढं मात्र मस्त होतं, कारण तिथे अंग खरंच वळतं. पण गंमत अशी की ते फुकट आहे! बिनवायरचा हेडसेट असेल तर जॉयस्टिकने वळायचं सोडा आणि स्वतः गोल फिरा, निम्मा त्रास तिथेच जातो. बाकी टेलिपोर्ट आहे, म्हणजे चालण्याऐवजी नेम धरून थेट तिथे उडी, पळताना नजरेच्या कडा काळ्या करायचं सेटिंग आहे, ते आधी चालू करून बघा की.

"सगळ्या गेमला चालतं." नाही. बहुतेक ठिकाणी ट्रेडमिलचं सॉफ्टवेअर तुमच्या पावलांचं रूपांतर जॉयस्टिकच्या ढकलण्यात करतं, म्हणजे गेमला तुम्हाला पाय आहेत हे माहीतच नसतं, त्याला वाटतं अंगठाच हलतोय. त्यात पुष्कळसा कारभार पीसीवरून चालतो, नुसत्या हेडसेटवर मोजकेच गेम सपोर्ट करतात, म्हणजे आधी चांगला पीसी हवा. आणि लोक खेळतात काय? बीट सेबर, ज्यात गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे कापत जागेवरच उभं राहायचं असतं. नाहीतर गोरिला टॅग, ज्यात हात जमिनीवर आपटत पळायचं, जॉयस्टिकसुद्धा लागत नाही. तिथे ही तबकडी काय कामाची?

"एकदाच खर्च." व्हर्च्युइक्स कंपनीच्या ओम्नी ट्रेडमिलची गोष्ट या मेसेजवाल्यांना कोणीतरी सांगा. 2013 साली किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करतात त्या साइटवर, त्यांनी 11 लाख डॉलर जमवले, आणि 2016 संपता संपता अमेरिकेबाहेरच्या लोकांना कळवलं की माल पाठवणं जमत नाही, पैसे परत घ्या. आता त्यांचं घरगुती मॉडेल ओम्नी वन आहे, 2024 मधे हेडसेटसकट साधारण साडेतीन हजार डॉलरला होतं, म्हणजे तीन लाखांच्या आसपास, वर जहाजाचं भाडं आणि कस्टम वेगळं. बरं, आणलीत, तर साधारण चार फुटांची ती तबकडी ठेवणार कुठे, माजघरात? आणि बिघडली तर दाखवणार कोणाला? आमच्याकडे खाऱ्या हवेत सायकलची चेन टिकत नाही. माझ्या सेन्सरच्या पट्ट्यांना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली, चार्जिंगच्या पिना हिरव्या पडल्या.

त्या सेन्सरचं सांगायचं तर ते पोटऱ्यांना आणि कमरेला बांधायचे आणि जागच्या जागी पावलं टाकायची, की गेममध्ये आपण चालतो. आपल्याला वाटतं जागेवरच आहोत, पण डोळे झाकलेले असल्यामुळे माणूस हळूहळू पुढे सरकतो, मी दोनदा झोपाळ्यावर जाऊन आपटलो. आई दारातून बघत होती. म्हणाली, "मेल्या, तासभर चललंस, पोचलंस खय?"

व्यायामाचं काय सांगू, जूनमधे पडवीत नुसतं बसलं तरी घाम येतो. बीट सेबरची चार गाणी पुरतात. चालायचंच असेल तर चिवला बीच आहे.

आणि मेसेजखाली जो व्हिडिओ जोडलाय, ज्यात पायाखालच्या छोट्या छोट्या चकत्या फिरून माणसाला परत मधे आणतात, तो डिस्नेच्या होलोटाइलचा आहे, जानेवारी 2024 मधे दाखवलेला. ती जमीन खरंच भारी आहे, पण घरी लावायला विकत मिळत नाही. तिचा व्हिडिओ दाखवून घसरत्या तबकडीची जाहिरात करणं म्हणजे हापूस दाखवून रायवळ गळ्यात मारणं.

म्हणजे सगळंच फालतू का? तसं नाही. गेमिंग सेंटरवाल्याला ट्रेडमिल परवडू शकते, तासाला पैसे घेतो, लोक मजेने लटकतात, मीही परत जाईन. ज्याला फार वेळ उभं राहवत नाही त्याच्यासाठी सायबरशूजसारखी वस्तू मला पटते, फिरत्या खुर्चीत बसून पाय मागे ओढायचे, तळव्याला रोलर असतो. पण घरी सगळ्यात जास्त उपयोगी पडलेल्या दोन वस्तू सांगतो: पायाखाली छोटी चटई, कडा तळव्याला लागली की कळतं आपण सरकलो (झोपाळा वाचला), आणि समोर टेबल फॅन, वारा कुठून येतोय त्यावरून आपलं तोंड कुठे आहे ते समजतं, वर लेन्सवर वाफही कमी धरते. फॅन घरातलाच, चटई आईची.

भाच्याला म्हटलं, माझेच सेन्सर घेऊन जा, महिनाभर वापर, मग पैशाचं काय ते ठरव. फक्त डावा चार्ज करताना पिन जरा तिरकी दाबून धरावी लागते.